वडील नाशिकला परतले, पत्र स्लाउला आलं: चालकाचं नाव सांगण्याच्या जबाबदारीचं एक प्रकरण

लंडनजवळच्या स्लाउमधल्या एका भाड्याच्या घरात जुलैमधल्या मंगळवारी पोलिसांचं पत्र पडलं. मागच्याच्या मागच्या रविवारी सकाळी ११ वाजून ४२ मिनिटांनी तुमची गाडी ताशी ३० मैलांच्या हद्दीत ३८ मैलांनी धावत होती, त्या वेळी गाडी कोण चालवत होतं ते २८ दिवसांत लेखी कळवा, असा मजकूर. गाडी मुलाच्या नावावर. त्या रविवारी ऑक्सफर्डच्या बाजूला सगळं घर फिरायला गेलं होतं आणि अर्धा रस्ता वडिलांनी चालवला होता. गुरुवारच्या विमानाने ते नाशिकला परतले.

हे प्रकरण कुणा एका घराचं नाही. ब्रिटनमधल्या मराठी घरांत या गोष्टी ज्या क्रमाने घडतात, त्याच क्रमाने त्या एका घरात मांडल्या आहेत. कायदा, मुदती आणि आकडे मात्र इंग्लंड-वेल्सचे, जसेच्या तसे.

वडिलांचा वेग का वाढला, ते आधी समजून घेऊ. तिथल्या गाडीचा काटा मैल दाखवतो. ३८ मैल म्हणजे ताशी ६१ किलोमीटर, पण आयुष्यभर किलोमीटरचा काटा वाचलेल्या माणसाला ३८ हा आकडा पाहून गाडी रेंगाळतेय असंच वाटतं. दुसरं कारण रस्त्यावरचं. गाव सुरू होताना ३० चा फलक लागतो आणि पुढे रस्त्याला दिव्याचे खांब असले की तो फलक पुन्हा लावत नाहीत. इंग्लंडमध्ये खांब दिसले आणि वेगळा फलक नसला, की हद्द ३० ची धरायची; वेल्समध्ये २०२३ पासून २० ची. हे ज्याला कुणी सांगितलेलं नाही त्याला ते रस्त्यात समजायला काहीच नसतं.

पत्रात दंड नाही, प्रश्न आहे

मुलाने फोन केल्यावर वडील म्हणाले, "अरे, किती पैसे आहेत ते सांग, भरून टाकू. नाव कशाला घालायचं?" आपल्याकडे ई-चलान गाडीच्या नंबरवर येतं, मालक मोबाइलवरून पैसे भरतो आणि विषय संपतो. त्या सवयीतून हे आलं. पण या पत्रात भरायची रक्कमच नसते. त्यात दोन कागद एकत्र असतात. एक, खटला भरण्याचा इरादा कळवणारी सूचना, जिला तिकडे सगळे 'एनआयपी' म्हणतात. दुसरा, रोड ट्रॅफिक अॅक्ट १९८८ च्या कलम १७२ खालची मागणी. या दोहोंतला फरक डोक्यात पक्का बसला नाही, तर पुढचं सगळं चुकत जातं.

एनआयपीला १४ दिवसांची अट आहे. गुन्ह्यानंतर १४ दिवसांत ती नोंदणीकृत कीपरच्या, म्हणजे गाडी ज्याच्या नावावर नोंदली आहे त्याच्या, पत्त्यावर पोचली पाहिजे, नाहीतर वेगाचा खटला बहुधा उभा राहत नाही. इथे ती नवव्या दिवशी पोचली, म्हणजे वेळेत. कलम १७२ च्या मागणीला ही अट नाही. एनआयपी विसाव्या दिवशी आली तरी चालक कोण या प्रश्नाचं उत्तर द्यावंच लागतं. "चौदा दिवस उलटलेत, फेकून दे" या सल्ल्यावर विसंबून अनेकांनी साध्या वेगाच्या चुकीऐवजी दुप्पट पॉइंट, म्हणजे लायसन्सवर नोंदले जाणारे दंडाचे गुण, ओढवून घेतले आहेत.

उत्तराची जबाबदारी कीपरची. कीपर म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या व्ही५सी कागदावर ज्याचं नाव आहे तो. मालकी कुणाचीही असो. कीपरने चालकाची ओळख द्यायची. कीपर नसलेल्या इतर कुणालाही, म्हणजे इथे सुनेला किंवा पुढे स्वतः वडिलांनाही, पोलीस विचारू शकतात आणि त्यांनी आपल्याला जे सांगता येण्यासारखं आहे ते सांगायचं. २८ दिवसांची मोजणी पत्र मिळाल्याच्या दिवसापासून, तो दिवस धरून होते. मंगळवार हा पहिला दिवस, तर त्यानंतरचा चौथा सोमवार हा शेवटचा.

गप्प राहिलं तर

उत्तर न देणं हा वेगापेक्षा वेगळा, स्वतंत्र गुन्हा आहे आणि तो वेगापेक्षा महाग पडतो. ३० च्या हद्दीत ३८ साठी साधारणपणे वेग-जागृतीचा वर्ग मिळू शकतो: ३५ ते ४२ मैलांच्या दरम्यान सापडलेल्याला, मागच्या तीन वर्षांत असा वर्ग केलेला नसेल तर. वर्ग केला की पॉइंट नाहीत. वर्ग नसेल तर १०० पौंड दंड आणि ३ पॉइंट. चालकाचं नाव न सांगितल्याबद्दल मात्र ६ पॉइंट आणि १,००० पौंडांपर्यंत दंड. लायसन्सच्या नोंदीवर 'एमएस९०' हा संकेत चार वर्षं राहतो आणि विमा कंपन्या तो पाहून हप्ता चढवतात, कारण त्यांच्या लेखी त्याचा अर्थ 'हा माणूस काहीतरी लपवतो' असा होतो.

न्यायालयात दंड उत्पन्नावर बसतो, सुरुवात आठवड्याच्या उत्पन्नाच्या दीडपटीपासून. आठवड्याला ६०० पौंड मिळवणाऱ्याला ९०० पौंड. पहिल्याच संधीला गुन्हा कबूल केला तर एक तृतीयांश सूट, म्हणजे ६००. त्यावर ४० टक्के अधिभार, २४० पौंड. झाले ८४० आणि वर खटल्याचा खर्च.

या घरात धोका त्याहून मोठा होता. मुलाने पुण्यात बारा वर्षं गाडी चालवली होती, पण भारतीय लायसन्स ब्रिटनमध्ये बदलून मिळत नाही. तिथे राहायला आलेल्याला बारा महिने ते चालतं, नंतर लेखी आणि रस्त्यावरची अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. त्याची परीक्षा चौदा महिन्यांपूर्वी झाली होती. १९९५ च्या नव्या चालकांच्या कायद्यानुसार पहिल्यांदा रस्त्यावरची परीक्षा पास झाल्यापासून दोन वर्षांच्या आत ६ पॉइंट जमले की लायसन्स रद्द होतं. पुन्हा शिकाऊ लायसन्स, पुन्हा 'एल' पाटी, पुन्हा दोन्ही परीक्षा. म्हणजे वडिलांच्या ८ मैलांच्या चुकीसाठी, फक्त एका फॉर्मला उत्तर न दिल्याने, मुलाचं लायसन्स गेलं असतं. आपल्याकडून गेलेले बहुतेक आयटीवाले पहिली काही वर्षं याच खिंडीत असतात आणि त्यांना ते ठाऊक नसतं.

"मीच चालवत होतो असं लिहितो"

मुलाच्या मनात पहिला विचार हाच आला, आणि तो वाईट हेतूने आलेला नव्हता. पोलिसांच्या कागदावर बापाचं नाव लिहायला मराठी घरात हात धजत नाही. शिवाय हिशेबही सोपा वाटतो: माझं नाव लिहिलं की वर्ग मिळेल, काही तास बसेन, बाबांना कळणारही नाही.

हे करायचं नाही. वेगाची चूक ही किरकोळ बाब आहे. चालकाचं खोटं नाव देणं हा न्यायप्रक्रिया वाकवण्याचा गुन्हा धरला जातो आणि त्याची कमाल शिक्षा जन्मठेप आहे. ख्रिस ह्यून हे ब्रिटनचे माजी मंत्री. २००३ साली एम११ महामार्गावर वेगात सापडलेली त्यांची गाडी आपण चालवत होतो, असं त्यांच्या तेव्हाच्या पत्नी विकी प्राइस यांनी लिहून दिलं. २०११ साली ते उघड झालं आणि मार्च २०१३ मध्ये दोघांनाही आठ-आठ महिन्यांची कैद झाली. ज्याच्यावरचं ओझं उतरलं तोही गेला, ज्याने स्वतःवर घेतलं तोही.

उलटी वाटही तितकीच धोक्याची: स्वतः चालवून, मायदेशी गेलेल्या पाहुण्याचं नाव टाकणं. ऑस्ट्रेलियातले निवृत्त न्यायाधीश मार्कस आइनफेल्ड यांनी ७७ डॉलरच्या दंडाच्या वेळी गाडी अमेरिकेतल्या एका प्राध्यापक बाई चालवत होत्या असं शपथेवर सांगितलं. त्या बाई तीन वर्षांपूर्वीच वारल्या होत्या. २००९ साली आइनफेल्ड यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. परदेशी पत्त्याचा चालक दिसला की पोलीस पुरावा मागतात तो अशाच अनुभवांमुळे. खरा पाहुणा खरोखर चालवत असेल तर त्यात अपमान वाटून घ्यायचं कारण नाही. फक्त कागद तयार हवेत.

मुलाला एक गोष्ट समजल्यावर त्याचा हात मोकळा झाला. फॉर्मवर वडिलांचं नाव लिहिणं म्हणजे त्यांच्याविरुद्ध तक्रार करणं नव्हे. त्या मिनिटाला चाकावर कोण होतं, एवढीच माहिती विचारली आहे. "स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती नको" हा मुद्दाही युरोपीय मानवाधिकार न्यायालयापर्यंत जाऊन आला आहे. ओ'हॅलोरन आणि फ्रान्सिस खटल्यात २९ जून २००७ रोजी १५ विरुद्ध २ मतांनी ठरलं, की चालकाचं नाव विचारल्याने निष्पक्ष सुनावणीचा हक्क मोडत नाही. गाडी बाळगणाऱ्याने तिच्याबरोबरचे नियमही पत्करलेले असतात.

इंटरनेटवर "चालकाचं नाव कधीच देऊ नका" असाही सल्ला ठळकपणे सापडतो. तो खाजगी पार्किंग कंपन्यांच्या पत्रांबद्दलचा आहे. त्या कंपन्यांना नाव सांगायची कीपरवर सक्ती नाही. नगरपालिकेचा पार्किंग दंड तर थेट मालकावरच बसतो. पोलिसांची कलम १७२ ची मागणी वेगळी जात आहे. तिला तो सल्ला लावला की थेट ६ पॉइंट.

नक्की कोण चालवत होतं?

खरी मेहनत इथे लागली. स्लाउहून निघताना मुलगा चालवत होता. मध्ये पेट्रोल भरलं आणि वडील बसले, की त्या गावानंतर बसले? सून म्हणाली गावाच्या आधी, आई म्हणाली गाव गेल्यावर. मुलाला दोन्ही खरं वाटत होतं.

कायदा कीपरला एक बचाव देतो: चालक कोण ते मला माहीत नव्हतं, आणि वाजवी खटपट करूनही शोधता आलं नसतं. पण हे सिद्ध करायचं ओझं कीपरवर. फॉर्मवर 'आठवत नाही' एवढंच लिहून पाठवलं तर ते उत्तर न दिल्यासारखंच मोजलं जातं. खटपट करावी लागते आणि केलेली दाखवावी लागते.

पहिल्यांदा मुलाने फोटो मागवला. या टप्प्यावर फोटो देणं पोलिसांवर बंधनकारक नसतं, पण 'चालक ओळखायला मदत व्हावी म्हणून' असं कारण दिलं की बहुधा मिळतो. फोटो मागितल्याने २८ दिवस थांबत नाहीत, हे विसरू नये. फोटो गाडीच्या मागून काढलेला होता. नंबर प्लेट स्पष्ट, माणसं म्हणजे काचेमागच्या चार सावल्या.

मग कागद निघाले. पेट्रोलची पावती ११ वाजून ५ मिनिटांची. पंप ते कॅमेरा अंतर साधारण पंचवीस मिनिटांचं, पण मध्ये ते चहाला थांबले होते. पावतीने काही ठरेना. निकाल लागला आईच्या मोबाइलवर. तिने मागच्या सीटवरून शेतांचा म्हणून काढलेल्या एका फोटोत समोरचा आरसा आला होता आणि आरशात वडिलांचा चष्मा आणि कपाळ दिसत होतं. फोटोवरची वेळ दुपारचे ४ वाजून ९ मिनिटं. सून म्हणाली, "त्या वेळी तर आपण परत निघालो होतो." पण आईच्या फोनमध्ये तिकडचं सिमच घातलेलं नव्हतं, घड्याळ नाशिकचंच चालू होतं. उन्हाळ्यात ब्रिटन भारताच्या साडेचार तास मागे असतं. ४:०९ मधून साडेचार तास वजा केले की ११:३९. कॅमेऱ्याच्या तीन मिनिटं आधी वडील चाकावर होते आणि त्या तीन मिनिटांत गाडी कुठेच थांबलेली नव्हती.

असा फोटो प्रत्येक घरात निघणार नाही. तेव्हा मोबाइलचा नकाशा-इतिहास, पार्किंग अॅपची नोंद, कुणाचा फोन कधी झाला त्याची यादी, सोबतच्या प्रत्येकाला स्वतंत्रपणे विचारून लिहून ठेवलेलं उत्तर, हे सगळं चाळायचं. तरीही ठरलं नाही, तर ज्या-ज्या व्यक्ती चालवत असू शकतात त्या सगळ्यांची नावं-पत्ते आणि केलेल्या खटपटीची तारीखवार यादी फॉर्मसोबत द्यायची. तरी बोलावणं येऊ शकतं. पण तेव्हा हातात काहीतरी असतं.

फॉर्म भरण्यापूर्वी विमा

वडिलांचं नाव लिहिताच पुढचा प्रश्न येतो: त्यांना ही गाडी चालवण्याचा विमा होता का? ब्रिटनमध्ये पाहुण्याला वैध भारतीय लायसन्सवर देशात आल्यापासून बारा महिने गाडी चालवता येते, पण विमा बहुधा चालकागणिक असतो. पॉलिसीवर नाव नसलेल्या माणसाला गाडी दिली, तर विम्याविना चालवल्याचा गुन्हा चालवणाऱ्यावर आणि चालवू दिल्याचा गुन्हा देणाऱ्यावर. त्याचे किमान ६ पॉइंट, म्हणजे नव्या चालकाचं लायसन्स पुन्हा गेलंच.

मुलाने सुदैवाने वडिलांसाठी सात दिवसांची तात्पुरती पॉलिसी घेतली होती. ती मिनिटाच्या हिशेबाने सुरू होते आणि संपते, म्हणून त्याने तारखेबरोबर वेळही तपासली: शनिवार सकाळी ८ पासून. विमा नसताच तर? तरी खोटं लिहायला जागा नाही, आणि गप्प राहायलाही नाही. अशा वेळी २८ दिवसांच्या आतच सॉलिसिटरला गाठायचं, उत्तर पाठवण्याआधी.

फॉर्म, एकेक रकाना

नाव पासपोर्टवर आहे तसंच पूर्ण: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. इथे एक बारीक अडचण निघाली. पासपोर्टवर वडिलांच्या नावाच्या शेवटी इंग्रजी 'ए' होता, लायसन्सवर नव्हता. मुलाने पासपोर्टचं स्पेलिंग लिहिलं आणि सोबतच्या पत्रात एक ओळ टाकली की लायसन्सवर हेच नाव एका अक्षराच्या फरकाने आहे. ही ओळ नसती तर दोन कागदांवरची दोन माणसं आहेत की काय अशी शंका घ्यायला जागा राहिली असती.

पत्ता नाशिकचा, पिनकोडसह. 'गणपती मंदिरामागे' ही खूणही लिहिली, कारण पोलिसांचं पुढचं पत्र त्याच पत्त्यावर जाणार आणि पोस्टमनला ती खूण लागते. जन्मतारीख. लायसन्स क्रमांक एमएच-१५ ने सुरू होणारा. ब्रिटिश चालक क्रमांकाची रचना वेगळी असते, त्यामुळे ऑनलाइन रकान्यात आपला क्रमांक किंवा पिनकोड बसला नाही तर कागदी फॉर्म वापरावा. रकाना भरावा म्हणून खोटे शून्य भरू नयेत.

खाली सही कीपरची. सही राहिली तर फॉर्म अपुरा धरला जातो आणि सगळं लिहूनही 'माहिती दिली नाही' असाच गुन्हा लागतो. वरच्या युरोपीय खटल्यातल्याच इडरिस फ्रान्सिस यांनी इंग्लंडच्या न्यायालयात सहीवरूनही वाद केला होता आणि ते हरले. वडिलांनी नाशिकहून "मी चालवत होतो" असं पत्र पाठवलं म्हणूनही मुलाची जबाबदारी संपत नाही. मागणी मुलाच्या नावाने आहे, उत्तर त्याच्याच सहीने जायला हवं. आणि फॉर्मबरोबर पैसे, लायसन्स, मूळ पासपोर्ट यांतलं काहीही पाठवायचं नाही.

सोबत प्रती जोडल्या: लायसन्सच्या दोन्ही बाजू, पासपोर्टचं फोटोचं पान, तात्पुरत्या विम्याचं प्रमाणपत्र, परतीचं विमान तिकीट. पोस्ट ऑफिसात लिफाफा खिडकीवर देऊन पोस्ट केल्याची पावती घेतली; ती फुकट मिळते. पत्र वाटेत हरवलं तर हीच चिठ्ठी न्यायालयात उपयोगी पडते. हे सगळं अकराव्या दिवशी झालं, सतरा दिवस हातात ठेवून, कारण पोलिसांकडून उलट प्रश्न आला तर वेळ हवा.

उलट प्रश्न आला. हे गृहस्थ तुमचे कोण, देशात कधी आले, कधी गेले, गाडी कुणाच्या परवानगीने चालवली. उत्तरं तयारच होती. त्यानंतर वडिलांच्या नावाचं पत्र नाशिकला निघालं. या दुसऱ्या पत्राला १४ दिवसांची अट नसते, ती फक्त कीपरच्या पहिल्या पत्राला होती. वडिलांनी फॉर्म वाचून घेतला, 'होय, मीच' या रकान्यात खूण केली, सही केली आणि स्पीड पोस्टने पाठवला. सुनेला काळजी होती ती पुढच्या व्हिसाची. व्हिजिट व्हिसाच्या अर्जात वाहतुकीच्या शिक्षांबद्दल प्रश्न असतो. जी कारवाई होईल ती तिथे खरी लिहायची, लपवलेली सापडली तर तिचं वजन मूळ चुकीपेक्षा जास्त होतं.

पत्ता बदलला असता तर

या घराने फेब्रुवारीत घर बदललं होतं आणि व्ही५सीवरचा पत्ताही बदलला होता. बरेच जण फक्त लायसन्सवरचा बदलतात. दोन्ही नोंदी वेगळ्या आहेत आणि पोलीस व्ही५सीचा पत्ता वापरतात. तो जुना राहिला की एनआयपी जुन्या घरी, स्मरणपत्र जुन्या घरी, न्यायालयाची नोटीसही जुन्या घरी. एका न्यायाधीशासमोर कागदोपत्री निकाल लागतो आणि माणसाला कळतं ते विम्याच्या नूतनीकरणाच्या वेळी किंवा लायसन्स रद्द झाल्याच्या पत्रातून. तेव्हा कळल्यापासून २१ दिवसांच्या आत मॅजिस्ट्रेट न्यायालयात शपथेवर निवेदन द्यायचं की मला या खटल्याची माहितीच नव्हती. निकाल रद्द होतो आणि प्रकरण पहिल्यापासून सुरू होतं. पत्ता न बदलल्याचा दंड त्यातून टळत नाही, तोही १,००० पौंडांपर्यंत आहे.

भारतातही हे बंधन आहे, फक्त ई-चलानच्या सवयीने ते झाकून गेलंय. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १३३ नुसार अधिकृत पोलीस अधिकाऱ्याने विचारलं की मालकाने चालकाचं नाव, पत्ता आणि लायसन्सची माहिती द्यायची. वाजवी खटपटीने मिळण्यासारखी असेल तीसुद्धा. न दिल्यास कलम १८७ खाली २०१९ च्या दुरुस्तीपासून सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे कलम प्रामुख्याने अपघातांत बाहेर निघतं, तेव्हा "ड्रायव्हरचं नाव लावू" अशी कुजबुज सुरू होते.

स्लाउच्या घरात आता एक फाइल आहे. तिच्यात पहिलं पत्र लिफाफ्यासकट, कारण पोचल्याची तारीख लिफाफ्यावरून ठरते. भरलेल्या फॉर्मची प्रत, पोस्टाची पावती, आईच्या मोबाइलमधला तो फोटो मूळ वेळेसह. उत्तर न दिल्याचा खटला २८ दिवसांची मुदत संपल्यापासून सहा महिन्यांपर्यंत दाखल होऊ शकतो. तोवर फाइल हलवायची नाही, आणि आईने फोन बदलायचा नाही.